वनबेटाचे स्वारींत महाराजांचे पाठीशीं कोण बैसलें

श्रीवनदेवी व समुद्र उभयतां प्रसन्न असावीं. शके सोळाशें एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरीं, कार्तिक मासीं महाराजांचे चित्तीं आलें कीं, दूर समुद्रांत रानाचें बेट आहे, तेथें स्वारी न्यावी आणि शस्त्र न धरितां श्वापदें केवळ डोळां पाहावीं. हें वर्तमान शिकारखान्याचे दारोगे सटवोजी नलगे यांस कळलें आणि त्यांचे पोटांत दुखूं लागलें. कारण ही कल्पना आपाजी राणे यांची. राणे कालपरवां दरबारीं आलेले, कोवळ्या मिशांचे, परंतु बेटावर राहून आलेले, आणि तोंडानें भेकराची साद ऐसी काढीत कीं महाराज जेवतां जेवतां हांसत आणि आणखी एकवार म्हणत. नलगे यांणीं हत्तीवर महाराजांचे पाठीशीं बैसून उमर घालविली, परंतु आपल्या बोलण्यावर महाराज ऐसे कधीं हांसले नाहींत, म्हणोन त्यांस अन्न गोड लागेना. पत्नी सगुणाबाई म्हणाल्या, "दोन घांस खा तरी. त्या पोरानें तुमचें काय घेतलें?" नलगे म्हणाले, "अजून नाहीं घेतलें. बेटावर पाठीशीं बैसला म्हणजे घेईल."

मग नलगे यांणीं मसलत केली आणि हुजूर जाऊन अर्ज केला कीं, "मोठें गलबत नेलें तर गलबल्यानें जनावर पळेल. लहान होडी करावी. वल्हेकरी, महाराज, आणि पाठीशीं एक विश्वासाचा माणूस, इतकेंच." तो माणूस कोण हें बोलले नाहींत, बोलावयाचें कारणच काय? राणे सभेंत उभे होते, त्यांचें तोंड उतरलें, आणि नलगे यांस बहुत दिवसांनीं भूक लागली. महाराज संतोष पावले आणि म्हणाले, "सटवोजी, हें तुम्हांसच सुचावें. होडी लहानच करा." मग म्हणाले, "तर आपाजी येतील. मागें गड कोणाचे हवालीं करावा ही चिंता होती, ती तुम्हीं दूर केलीत. तुम्ही आहांत म्हणोन आम्ही निश्चिंत जातों." सर्वांनीं वाहवा केली, आणि नलगे यांणीं खालीं पाहून मुजरा केला.

प्रस्थानाचे दिवशीं नलगे यांणीं आपले हातें होडींत गादी घातली, आणि तीवर राणे बैसले. राणे म्हणाले, "काका, तुमची जागा मी नीट सांभाळीन." हें ते मनापासून बोलले, आणि तेंच नलगे यांस सोसवेना.

येणेंप्रमाणें स्वारी पार पडून महाराज सुखरूप परतले. बेटावर कोणतीं श्वापदें दिसलीं तें येथें लिहिलें नाहीं. कारण नलगे यांणीं तें कोणास कधीं विचारिलें नाहीं.