कर्पेबाईंची आज्ञावली आणि मोठ्या चौकातील पायी चालणारे, यांची हकीकत

श्री. येणाऱ्यास थांबविणारा आणि थांबलेल्यास सोडविणारा जो विघ्नेश्वर, त्यास नमन करून लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका राज्यी राजधानीचे चौक वाहनांनी तुंबले, आणि खुद्द महाराजांची स्वारी मोठ्या चौकात अडकून दरबारास उशीर जाहला, मग महाराज बहुत संतापले आणि कारभारी भगवंतराव मोहोळकर यांस हुकूम केला की, सिग्नल शहाणे करावे. कारभाऱ्यांनी वैजयंताबाई कर्पे यांस पाचारण केले. बाई संगणकाची आज्ञावली लिहिण्यात निष्णात, आणि वृद्ध वडील आप्पा यांसह त्याच चौकालगत राहत. बाईंनी आज्ञावली सिद्ध केली ती ऐसी की, खांबावरील कॅमेऱ्याने वाहने पाहावी आणि जिकडे रांग मोठी तिकडे हिरवा दिवा द्यावा. ती चालू होताच चौक मोकळे जाहले, महाराज संतोष पावले आणि भर दरबारी शाल देऊन बाईंचा गौरव केला.

मग ऐसे जाहले की, आप्पांनी घराबाहेर पडणे सोडिले. पूर्वी रोज सायंकाळी रस्त्यापलीकडील वाचनालयात सोबत्यांमध्ये जाऊन बसत. बाईंनी पुसले असता "गुडघे दुखतात गं" इतकेच बोलत. एके दिवशी बाई कचेरीत बसून पडद्यावर चौक न्याहाळीत होत्या, तो घराबाहेर न पडणारे आप्पा चौकाच्या कडेला काठी टेकून उभे दिसले. एका बाजूची वाहने थांबली की दुसरीकडील वळून येत, आणि आप्पा एक पाऊल पुढे टाकीत आणि मागे घेत, आणि अखेर माघारी फिरले. तेव्हां बाईंच्या ध्यानी आले की, आपण आज्ञावलीत पायी चालणारा माणूस लिहिलाच नाही. घरी येऊन बोलल्या, "आप्पा, मला सांगितलं का नाही?" आप्पा बोलिले, "अगं, सगळे तुझी वाहवा करतात. त्यात मी कुठे माझं रडगाणं लावू?"

मग बाई कारभाऱ्यांकडे गेल्या आणि बोलल्या, "चारी बाजूंची वाहने थांबवून पायी चालणाऱ्यांस पाळी द्यावी लागेल." कारभारी बोलिले, "बाई, शेजारचे राजे आपले रस्ते पाहावयास येताहेत. वाहने उभी दिसली तर मी महाराजांस काय तोंड दाखवू? पाहुणे जाऊं देत, मग बघू." बाई बोलल्या, "आणि तोवर कोणी चाकाखाली गेलं तर?" कारभारी बोलिले, "आज्ञावलीस हात लावू नका. हा हुकूम समजा." बाईंनी हुकूम ऐकिला, आणि कचेरीत जाऊन पायी चालणाऱ्यांची पाळी लिहिली.

पाहुणे आले. महाराज आणि पाहुणे राजे, पुढे कारभारी, ऐसे एका गाडीत बसून मोठ्या चौकी पोहोंचले, आणि चारी बाजूंस तांबडा दिवा लागला. मग भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका आणि कडेवर लेकरे घेतलेले बाप रस्ता ओलांडू लागले. पाहुणे राजे बोलिले, "ही कोणाची स्वारी, जिच्यासाठी आपण थांबलो?" कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. महाराज बोलिले, "आमचीच माणसे आहेत." पाहुण्यांनी मान डोलाविली. परंतु दुसरे दिवशी दोन हुकूम सुटले: पायी चालणाऱ्यांची पाळी कायम ठेवावी, आणि हुकूम मोडिला सबब कर्पेबाईंस चाकरीवरून दूर करावे.

आप्पांचे डोळे भरून आले. बोलिले, "माझ्यापायी तुझी नोकरी गेली." बाई बोलल्या, "उठा आप्पा, वाचनालयात जाऊ. मीही येते." मग उभयतां चौकी आली, पायी चालणाऱ्यांच्या दिव्यातील हिरवा माणूस उजळला, आणि बाप-लेक चालू लागली. निम्मा रस्ता सरला नाही तो दिवा तांबडा जाहला. बाईंनी पाळीची मुदत आपल्या चालीने धरिली होती, आप्पांच्या चालीने नव्हे, आणि आता ती बदलण्याचा अधिकार बाईंस उरला नव्हता. वाहने गुरगुरू लागली. तेव्हां बाईंनी एका हाताने आप्पांचा दंड धरिला, दुसरा हात उंच केला आणि वाहनांकडे तोंड करून रस्त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. आप्पा बोलिले, "चल गं लवकर." बाई बोलल्या, "सावकाश, आप्पा." वाहने थांबली.

तात्पर्य, चौक चालू आहे, महाराज सुखरूप आहेत, कारभारी कारभार पाहतात. बाईंच्या जागी आलेल्या नव्या अंमलदाराने पाळीची मुदत वाढविल्याचे वर्तमान अद्याप नाही. कळले तितके लिहिले.