उभ्यांना बसवणारे सबनीस काका

सबनीस काका चित्रातल्या बाईला 'बसा' म्हणतात. मनात नाही, चांगलं मोठ्याने. संग्रहालयातल्या पहाडी चित्रांसमोर काचेला नाक लावून ते उभे राहतात आणि राणीमागे चवरी ढाळणाऱ्या दासीला म्हणतात, "बसा हो बाई, अडीचशे वर्षं झाली!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले होते. पहारेकरी मात्र सरावलेला. "अंकल जी, आज किसको बिठा रहे हो?" एवढंच विचारून तो स्वतः स्टुलावर बसला.

मी उमरखेडची, घरातली पहिली पदवीधर. संशोधनासाठी चंदीगडला येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्यात मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. त्यामुळे माणूस विचित्र वाटला तरी मी जवळ गेले. काकांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, "जेवलीस का?" त्या दिवसापासून रविवारचं जेवण त्यांच्याकडे.

काका एका हॉस्पिटलात चित्रकार होते. डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी आयुष्यभर हृदयं आणि मूत्रपिंडं काढली. "अख्खा माणूस काढायचा राहूनच गेला," म्हणतात. निवृत्तीनंतर ते जुन्या चित्रांतली माणसं आजच्या चंदीगडात आणू लागले. राजे, राण्या मात्र नाहीत. "ते बसलेलेच आहेत की. त्यांची काय काळजी?" काकांना हवी असतात मागची, कडेची, उभी माणसं. हुक्का धरणारा त्यांच्या चित्रात कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधल्या सरकारी कचेरीतला शिपाई झाला आहे आणि साहेबांच्या खुर्चीत घोरतो आहे. पखवाजवाल्याला डेराबस्सीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आहे.

आणि बसायचं म्हणजे नीट बसायचं! सेक्टर सतराच्या बाजारातल्या बाकांची उंची काकांनी टेपने मोजली. एका सरदारजींनी विचारलं, "नवे बाक लागणार का जी?" काका म्हणाले, "नाही, एक मॅडम येणार आहेत. कंबर टेकली पाहिजे."

यंदा मराठी मंडळाच्या गणपतीत या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. अकरा तयार होती. बाराव्यात ती चवरीवाली बसायची होती आणि तिला चेहरा हवा होता काकूंचा.

काकू निवृत्त सिस्टर. वॉर्डात उभं राहायची सवय घरातही सुटलेली नाही. आम्ही जेवायचो, त्या ओट्याशी उभ्या.

"अगं, पाच मिनिटं बस. चित्र काढायचंय."

"बसतेच," काकू म्हणायच्या आणि पोळी उलटायच्या.

"कालपण हेच म्हणालीस!"

"मग फोटो बघून काढा."

फोटो आम्ही तिघांनी शोधले. लग्नातल्या फोटोतसुद्धा काका खुर्चीत आणि काकू शेजारी उभ्या. अल्बम मिटून काका माझ्याशी हळूच बोलले, "छत्तीस वर्षांत आम्ही एकत्र बसून जेवल्याचं मला आठवत नाही गं. ही बसली नाही, तर बाकीच्या अकरांना बसवून काय उपयोग?"

प्रदर्शनाला दोन दिवस उरले. दुपारी मी चित्रांना पुठ्ठे लावायला गेले होते. काकू गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आल्या, दिवाणावर टेकल्या, चपला पायातून गळू दिल्या. कपडे मांडीवर तसेच. पाठ भिंतीला लागली आणि डोळे मिटले.

मी काकांकडे पाहिलं. पेन्सिल हातात होती, कागद समोर होता. उजेडही छान होता.

"काका, काढा ना!" मी कुजबुजले.

ते खूप वेळ नुसते बघत राहिले. मग पेन्सिल खिशात ठेवली.

"नको. चाहूल लागली की विचारेल, हलू का नको? मग बसणं हेही तिचं कामच झालं."

मंडळात अकराच चित्रं लागणार, हे मला कळलं.

काकांनी दिवाणाशी जाऊन काकूंच्या मांडीवरचे कपडे अलगद उचलले, शेजारी बसले आणि घड्या घालू लागले. पहिल्याच टॉवेलचा बोळा झाला. काकूंनी एक डोळा उघडला. टॉवेलकडे त्यांचा हात निघाला, मध्येच थांबला. हात त्यांनी परत मांडीवर ठेवला आणि डोळा मिटून घेतला.