'भूकंप'साठी काढलेलं तिकीट

"रत्नागिरीत रॉक कळणारा माणूस एकच, आणि तो मी!" असं दर्शन खातू चारचौघांत छातीठोकपणे सांगत. वय त्रेपन्न, धंदा चष्म्यांचा. पण तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना त्यांनी 'भूकंप' या बँडचा एकही कार्यक्रम सोडला नव्हता. तोच 'भूकंप' आता रत्नागिरीत येणार म्हटल्यावर त्यांनी महिनाभर आधीच दोन तिकिटं काढली, आणि ट्रंकेतला काळा टीशर्ट शोधून पोटावरून कसाबसा खाली ओढला.

मग गावात पोस्टरं लागली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सुरुवातीला: रत्नागिरीचा बँड कातळ.'

दर्शनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली! 'कातळ' म्हणजे फारुक आणि त्याचे तीन मित्र. सहा महिने दर्शनरावांच्या दुकानाच्या बरोब्बर वरच्या खोलीत त्यांची तालीम चालली होती. गाणं खाली पोचतच नसे. स्लॅबमधून यायचं ते फक्त धडाड्-धुम्! एकदा एका गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, तर तो म्हणाला, "वाचू कशी? ती नाचतायत ओ!" संतापून दर्शनरावांनी काठीने छत ठोकलं. वरच्यांना वाटलं, खाली कुणीतरी ताल धरलाय. ते दुप्पट जोरात वाजवायला लागले!

"'भूकंप'च्या आधी हे? श्रीखंडाच्या आधी एरंडेल!" दर्शनराव घरी गरजले.

"अहो, एकदा ऐकून तर बघा पोरांचं," त्यांच्या पत्नी मैनाताई म्हणाल्या.

"एक सूर कानात शिरू देणार नाही!"

आणि शनिवारी संध्याकाळी त्यांनी शब्द पाळला. मैनाताई आत मैदानात गेल्या. दर्शनराव फाटकाबाहेर वडापावच्या गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले, दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून! आतून जमीन हादरायला लागली तसे ते फाटकावर तिकिटं तपासणाऱ्या शिवावर खेकसले, "बघ, कसे डबे बडवतायत!"

शिवा वाकून म्हणाला, "काका, आतला क्रम बदललाय!"

"बदडलाय? बदडलाच आहे! ड्रम आहे की चोर, तेच कळत नाही!"

शिवाने हात जोडले आणि नाद सोडला.

तेवढ्यात मैनाताईंचा फोन आला. 'ऐकायला या' म्हणणार, दुसरं काय? दर्शनरावांनी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. सात वेळा! शेवटी फोन बंदच करून टाकला आणि चौथा वडापाव मागवला.

सव्वासातला आवाज थांबला. दर्शनरावांनी बोळे फेकले, उड्या मारताना फुटू नये म्हणून चष्मा खिशात ठेवला आणि आत घुसले. गर्दीमुळे मागेच थांबावं लागलं. समोर धूर, दिवे आणि चार धूसर आकृत्या. पहिला झणत्कार झाला आणि दर्शनरावांच्या अंगावर काटा आला!

"हे! याला म्हणतात रॉक!" ते शेजारच्याच्या दंडाला धरून ओरडले. "ऐक, त्या गिटारचं रडणं ऐक! नाहीतर आमच्या वरचे ते टुकार!"

शेजारी काहीतरी सांगायला गेला, पण दर्शनराव हवेत होते. त्यांनी मान हलवली, कंबर हलवली. शेवटच्या गाण्याला डोळ्यांतून पाणी आलं. मग 'वन्स मोअर, वन्स मोअर' असा ठणाणा करून त्यांनी अर्धं मैदान उठवलं.

दिवे लागले. स्टेजवरून आवाज आला, "थँक यू, रत्नागिरी! आम्ही कातळ! आणि 'भूकंप'ला साडेआठच्या गाडीसाठी लवकर जायला लागलं, तरी तुम्ही सगळे थांबलात, मेहेरबानी!"

दर्शनरावांनी खिशातून चष्मा काढून लावला. माइकपाशी फारुक होता.

"सात फोन केले मी!" मैनाताई गर्दीतून येत म्हणाल्या. "'भूकंप' आधीच वाजवून गेले. काय वाजवलं हो! आता मी रिक्षा बघते, तुम्ही हलू नका."

त्या गेल्या. दर्शनराव मुठी उगारून ओरडले, "फसव..." 'फसव' बाहेर आलं, 'णूक' घशातच राहिली. वन्स मोअरने आवाज पार बसला होता!

त्या उगारलेल्या मुठी फारुकने स्टेजवरून पाहिल्या. तो धावतच खाली आला.

"काका, रागावू नका! सहा महिने तुमच्या डोक्यावर नाचलो आम्ही. पूर्णगडला मामूंचं गोदाम मिळालंय. उद्याच खोली सोडतो!"

दर्शनरावांनी जोरजोरात मान हलवली. नको! नको!

"उद्या पण नको? बरं, आजच सोडतो!"

दर्शनरावांनी त्याची बाही धरली, छातीवर हात मारला, हवेत गिटार वाजवून दाखवली.

"होय, कळलं काका," फारुकचा चेहरा पडला. "गिटारनेच छाती धडधडायची ना तुमची? शप्पथ, आता एक आवाज येणार नाही!" त्याने त्यांचे हात हातात घेऊन कपाळाला लावले, आणि मित्रांना हाक मारत सामान बांधायला पळाला.

मैनाताई रिक्षा घेऊन आल्या. "काय म्हणत होता हो फारुक?"

दर्शनरावांनी तोंड उघडलं. बाहेर आली ती नुसती हवा. एका अर्थी बरंच झालं. आवाज असता, तरी काय सांगणार होते?