प्रॉम्प्टर शेंडेकाका

खालच्या मजल्यावरच्या जोशींचे वडील गेले, म्हणून आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. थोरला मुलगा सांगत होता, "संध्याकाळी चहा घेतला, पेपर वाचला, आणि मग..." तो खिशात रुमाल शोधायला लागला. तेवढ्यात कोपऱ्यातून दबक्या पण स्पष्ट आवाजात आलं, "...शांतपणे गेले."

हे आमचे शेजारी शेंडेकाका. माणूस वाईट नाही हो. फक्त समोरच्याचं वाक्य अडलं की त्यांना राहवत नाही. "वाक्य पडू देऊ नये," म्हणतात.

सोसायटीच्या सभेत चेअरमन पाण्यावरून बोलणी खात उभे होते. वैतागून म्हणाले, "एवढा अविश्वास असेल, तर आम्ही..." आणि घोटभर पाणी प्यायला थांबले. काका म्हणाले, "राजीनामा देतो." टाळ्या पडल्या. बिचाऱ्यांना द्यावाच लागला. नवा चेअरमन अजून मिळालेला नाही. पाणीही नाही.

मी शाळेत शिकवते. साठ पोरांपुढे दिवसभर घसा फोडून घरी यावं, तर जिन्यात काका. "आज ना, काका, फार..." "...दमलात." अहो, दमलेय हे मलाही ठाऊक असतं! पुढचं बोलायचं त्राण नसतं म्हणून मी वाक्य सोडते, कुणी पुरं करावं म्हणून नव्हे.

सवय जुनी आहे. काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. तिथल्या क्वार्टर्समध्ये हौशी नाट्यमंडळ होतं आणि काका त्याचे कायमचे प्रॉम्प्टर. मंडळ दरवर्षी एकच नाटक करायचं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक इंग्रजी कॉमेडी, मराठीत आणलेली. का, तर एकदा त्या नाटकासाठी कोट शिवून घेतले होते आणि ते दुसऱ्या कुठल्याच नाटकाला चालेनात.

गोष्ट अशी, की एक लॉर्ड माळी बनून एका बंगल्यात नोकरीला राहतो. त्याला किताबावर नव्हे, त्याच्यावर भाळणारी बायको हवी असते. बंगल्यातली मुलगी त्या माळ्यावर भाळते. तिची आत्या भाचीसाठी लॉर्ड शोधत सगळं गाव पालथं घालते आणि घरात असलेल्या लॉर्डला कुंपण छाटायला लावते.

"त्या काळी मुलीला पसंती विचारत नसत," काका जिन्यात मला थांबवून समजावतात. "जमीन किती, उत्पन्न किती, घराणं कुठलं. पोरगा कसा आहे, हे सगळ्यात शेवटी. म्हणजे आपल्यासारखंच. फक्त कांदेपोहे नाहीत." नाटक मी पाहिलेलं नाही, पण पिशव्या हातात धरून इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय.

नायिकेचं काम मालतीकाकू करायच्या. त्या एक शब्द चुकायच्या नाहीत, तरी काका विंगेतून प्रत्येक वाक्य पुरवायचे. काकू म्हणायच्या, "त्या जाचापायीच लग्न केलं यांच्याशी. म्हटलं, घरी तरी गप्प बसतील."

मागच्या दिवाळीनंतर काकूंना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, वाचा गेली. समजतं सगळं, पण शब्द ओठांवर येत नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं हेच आलं की आता काका या बाईला एक अक्षर पुरं करू देणार नाहीत.

मग रोज पाच वाजता भिंतीपलीकडे नाटक सुरू झालं. आत्या करवादायची, लॉर्ड आर्जवं करायचा. सगळे आवाज काकांचेच. आणि मध्येच सारं गप्प. पाच-पाच मिनिटं काही नाही. आवाजापेक्षा त्या गप्प होण्याचाच मला त्रास व्हायला लागला.

एके दिवशी परीक्षेची सुपरव्हिजन करून आले. पायांचे तुकडे पडलेले, हातात पेपरांचा गठ्ठा. कुलूप उघडतेय तोच पलीकडे लॉर्ड गरजला आणि गप्प झाला. डोकंच फिरलं. तशीच तणतणत त्यांच्या दारात गेले. दार उघडं होतं.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. गुडघे टेकता येत नाहीत म्हणून काका समोर स्टुलावर, मांडीवर नाटकाची वही. "मी साधा माळी आहे," ते पुन्हा म्हणाले. "माझ्याशी लग्न कराल?"

"मा..." काकूंचे ओठ थरथरले. "मा..."

'माळ्याशीच करीन.' मला पाठ होतं! न राहवून मी तोंड उघडलं, "माळ्या..."

काकांनी उठून माझं मनगट धरलं. बांगडी रुतली. "बाई, नको. तिचं वाक्य आहे ते." मग हळूच म्हणाले, "स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, शब्द पुरवायचा नाही. थांबायचं." त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"किती दिवस चाललंय हे?"

"पाचवा महिना. अजून एक शब्द नाही आला."

"आणि नाहीच आला तर?"

"तर उद्या परत पहिल्या अंकापासून."

काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गठ्ठ्याकडे पाहिलं. ओठ पुन्हा हलले. "ब..." काकांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. मीही श्वास रोखला.

"बसा," काकू म्हणाल्या.

काकांनी वहीकडे पाहिलं, पान उलटलं, परत मागचं काढलं. "हे यात नाही," म्हणाले, आणि हमसून रडायला लागले. मलाही आवरेना.

सकाळपासून मी उभीच होते. गठ्ठा खाली ठेवला आणि काकूंच्या शेजारी बसले.