गुरुवारपासूनचं घर

करावे गावातले निवृत्त वायरमन धर्मराज यांनी आपल्या घराच्या गच्चीवर, रीतसर परवाना घेऊन, हौशी रेडिओचं स्टेशन उभारलं. इथवर कायद्याचा कुठेही भंग झाला नव्हता. हौशी मंडळींच्या सेटमधून 'मी सध्या इथे आहे' असा संदेश हवेत सुटतो. धर्मराजांचं स्टेशन तो झेलून इंटरनेटवर चढवायचं, की नकाशावर त्या माणसाचा टिपका उमटायचा. अशा स्टेशनाला गेटवे म्हणतात. कोण कुठे भटकतोय हे जगाला कळवायचं काम धर्मराज फुकटात आणि मन लावून करत होते.

फक्त स्वतःच्या घराचे अक्षांश-रेखांश भरताना त्यांनी मिनिटांचा आकडा दशांश समजून टाकला. एवढ्याशा चुकीने घराचा टिपका गावातून उठला आणि खाडीकाठच्या कांदळवनात जाऊन बसला.

पंधरा दिवसांत नोटीस आली. दूरस्थ अतिक्रमण शोध कक्षाने, खुर्चीवरून न उठता, कांदळवनात 'विनापरवाना घर, स्टेशन व गेट' शोधून काढलं होतं. सात दिवसांत बांधकाम काढा, नाहीतर आम्ही काढू, असा मजकूर होता.

वडिलांनी मिठागरात राबून बांधलेलं घर ते. धर्मराजांच्या घशाखाली घास उतरेना. ते कागदपत्रं घेऊन कक्षात गेले. कक्ष अधिकारी उन्नती मॅडमनी आधी स्टेशनासाठी रेल्वेचा ना-हरकत दाखला मागितला. तिथे गाडी थांबत नाही म्हटल्यावर 'बंद स्थानक' असा शेरा मारला. मग गेट लोखंडी की लाकडी, हे विचारलं.

"मॅडम, माजं घर गावान हाय. टिपका चुकलाय, घर नाय चुकलं," धर्मराज म्हणाले.

"काका, टिपका सॅटेलाइटवरून आलाय. तुम्ही कशावरून आलात?"

"बसवरून."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. बसने आलेला माणूस उपग्रहापुढे किती टिकणार, हे धर्मराजांनाही कळलं. ते घरी आले आणि आकडा दुरुस्त केला. टिपका घरावर आला. त्या गुरुवारी ते पोटभर जेवले.

सोमवारी दुसरी नोटीस आली. 'सदर इसमाने कारवाई टाळण्याच्या हेतूने कांदळवनातील घर परस्पर हलवून करावे गावात आणून ठेवले आहे. सबब ते जेथे सापडेल तेथे पाडावे.' कांदळवनाची पाहणी करून तिथे घर नसल्याची खात्री कक्षाने केली होती, आणि हाच हलवल्याचा पुरावा होता. धर्मराजांनी साठ वर्षांची घरपट्टी दाखवली. ती कांदळवनातल्या घराची नव्हे, त्यामुळे या प्रकरणात गैरलागू ठरली.

बुधवारी मॅडम जेसीबी घेऊन आल्या. पुतळाबाई, म्हणजे धर्मराजांच्या घरधनीण, उंबऱ्यावर बसल्या आणि उठायचं नाव घेईनात. मॅडम कायद्याला धरून होत्या. घर इथे पूर्वीपासून आहे असं दोन पंचांनी सांगितलं तर मशीन परत नेऊ, असं त्यांनी जाहीर केलं. धर्मराजांचा जीव भांड्यात पडला. पहिला पंच म्हणून शेजारचा हरेश पुढे आला. तो तर याच ओटीवर खेळून मोठा झालेला, लग्नाची हळदसुद्धा त्याला इथेच लागलेली.

"हे घर इथे कधीपासून आहे?" मॅडमनी विचारलं.

हरेशने घराकडे पाहिलं. मग, सरकारी काम आहे, उगाच चूक नको, म्हणून त्याने मोबाइल काढला आणि टिपक्यांचा नकाशा लावला. घराचा टिपका इथे गुरुवारी आल्याची नोंद त्यात होती.

"गुरुवारपासून हाय, मॅडम," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

पुतळाबाईंनी उंबरा दोन्ही हातांनी धरला. जेसीबीवाल्याने इंजिन चालू केलं.

हरेशला हसू नका. परवा रिक्षा तुमच्या दारात येऊन उभी होती, रिक्षावाला हाका मारत होता, आणि तुम्ही मोबाइलकडे बघून घरच्यांना सांगत होता, 'थांबा, अजून दोन मिनिटं आहेत.' पंचनाम्यावर दुसऱ्या पंचाची जागा रिकामी आहे. मॅडम तुमचीच वाट बघतायत.