कपाटातलं वायफाय

एका जंगलात एक कॉलेज होतं. जंगलात कॉलेज कशाला, असं विचारू नका बाळांनो. तुमच्या गावात तरी कशाला आहे?

कॉलेजचे प्राचार्य होते गेंडेसर. कातडी जाड, नजर अधू, आणि एकदा एका दिशेला निघाले की वाटेत कोण आहे ते बघायची पद्धत नाही. हे सगळे गुण पारखूनच त्यांना प्राचार्य केलं होतं.

त्याच कॉलेजात साळू नावाची एक साळिंदर शिकत होती. शिकत होती म्हणजे नाव घातलं होतं. तिला शिकायचं होतं मातीखालच्या वाटांचं शास्त्र. बीळ कसं खणायचं, म्हणजे पावसाळ्यात बसणार नाही. गेल्या पावसात तिच्या मामाचं बीळ भांड्याकुंड्यांसकट खाली बसलं होतं. मामा वाचला, पण अजून आत झोपायला घाबरतो.

साळूनं वर्गात विचारलं, "सर, बीळ बसतं कशामुळे?"

उत्तर आलं, "ते परीक्षेला येत नाही. खाली बस."

तेव्हा साळू खाली बसली. बीळ बसतं तशीच.

अशात एक दिवस कॉलेजात वायफाय आलं. कंत्राट होतं सरड्याकडे. सरडा आधीच्या राजाच्या वेळी हिरवा होता, या राजाच्या वेळी पिवळा झाला होता. त्यानं वायरीची भेंडोळ्यांवर भेंडोळी आणून टाकली. यंत्र लागणार होतं दहा पावलांवर. पण वायर जितकी जास्त, तितकं काम मोठं दिसतं.

यंत्र होतं डब्याएवढं. वर दोन काळ्या काड्या उभ्या होत्या. गेंडेसरांना वाटलं, शिंगं आहेत. त्यांना एकदम आपलेपणा वाटला.

मग काय, उद्घाटन! यंत्राला हार घातला. हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला, त्याचं पाणी यंत्रावर थोडं उडालं, यंत्र जरा शिंकल्यासारखं झालं आणि परत चालू झालं. गेंडेसर इंटरनेटवर पाऊण तास बोलले. त्यांनी ते अजून पाहिलेलं नव्हतं. पण न पाहिलेल्या गोष्टीवर बोलायचं म्हणजे मोठ्यांचा हातखंडा.

पासवर्ड गुप्त होता. 'हा पासवर्ड गुप्त आहे' असं वर लिहून तो नोटीस बोर्डावर लावला होता.

भाषण संपल्यावर गेंडेसर म्हणाले, "एवढी मोलाची वस्तू उघड्यावर ठेवायची नाही. कपाटात टाका."

त्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात स्पर्धांत मिळालेल्या जुन्या ढाली होत्या, एक चेपलेला कप होता. तिथे यंत्र ठेवलं, हारासकट. कुलूप लावलं. किल्ली उपप्राचार्य कासवकर सरांनी कवचात घातली. तिथून ती काढणं त्यांना स्वतःलाही जड जायचं.

साळू पुढे झाली. "सर, लोखंडी कपाटातून रेंज बाहेर येत नाही."

"यायची नाहीच!" गेंडेसर खूश होऊन म्हणाले. "बाहेर आली तर कुणीही नेईल."

कासवकर सरांनी टाळ्या वाजवल्या. साळू घरी गेली.

महिनाभर जंगलात सगळे एकमेकांना सांगत होते, आमच्याकडे वायफाय आहे. कुणाच्याही फोनवर ते दिसत नव्हतं. आजूबाजूला डोंगर असल्यामुळे दुसरीकडे कुठे रेंज असायचा प्रश्नच नव्हता.

साळूचा एक मित्र होता, झेप्या नावाचा वानर. तो एकदा गेंडेसरांच्या खोलीमागच्या जांभळीवरून उडी मारायला गेला आणि थेट गटारात पडला. पडल्या पडल्या त्याच्या खिशातला फोन टुंग टुंग वाजायला लागला. थांबेचना.

"साळे!" झेप्या गटारातूनच ओरडला. "अगं इथे स्वर्ग आहे!"

"वास तर तसा येत नाही," साळू म्हणाली. पण गेली.

गोष्ट साधी होती. कपाटाची पाठ गंजून तिला भलंमोठं भोक पडलं होतं. पाठ होती खिडकीकडे. खिडकीबाहेर भिंत आणि गटार यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी होती. भोकातून रेंज निघायची ती नेमकी त्या पट्टीवर येऊन सांडायची.

दुसऱ्या दिवसापासून सगळं कॉलेज त्या पट्टीवर. हरणं, रानडुकरं, लांडोरी, ससे. खांद्याला खांदा लावून बसलेले. माना खाली. वर्ग रिकामे. शिक्षकांची काही तक्रार नव्हती. आता त्यांना जागेपणी झोपावं लागत नव्हतं.

साळू तिथे बसून खरोखर शिकायला लागली. नदीपलीकडच्या विद्यापीठातली व्याख्यानं ती भिंतीला टेकून ऐकायची. माती किती ओली झाली की ढासळते, बिळाला वळण कुठे द्यायचं, दुसरं तोंड कुठे काढायचं. मामाचं बीळ कुठे चुकलं होतं ते तिला एका दुपारी कळलं. कॉलेजात दोन वर्षं जे कळलं नव्हतं ते कॉलेजच्या पाठीमागे कळलं.

एकदा गेंडेसरांनी पान थुंकायला खिडकी उघडली. बघतात तर खाली अर्धं जंगल, माना झुकवून बसलेलं.

सरांचे डोळे भरून आले. "कासवकर, इकडे या. लोक म्हणतात, नवी पिढी बिघडली. बघा!"

कासवकर सरांनी बघितलं. "सर, आपल्या सान्निध्यासाठी बसलीत."

असल्याच वाक्यांवर कासवकर उपप्राचार्य झाले होते.

तेव्हापासून गेंडेसर रोज खिडकीत उभे राहून बोलायला लागले. त्यांच्या काळी नदीला पूल नव्हता. चिखल शुद्ध होता. मुलं वडीलधाऱ्यांच्या सावलीवर पाय देत नसत. खाली कानात इयरफोन घातलेली हरणं गाण्याच्या ठेक्यावर मान हलवायची. सरांना वाटायचं, पटतंय.

मग सरांना दया आली. "पोरं बिचारी गटाराशी बसतात. आपण वडाखाली बसू. गुरुकुलासारखं." खुर्ची वडाखाली गेली. सर खुर्चीत बसले. वाट बघत राहिले. एक मुंगी आली, ती पण साखरेसाठी.

सर परत येऊन बघतात, तर मुलं खोलीमागेच! खोलीत कोणी नाही आणि तरी माना खाली!

कुणालाही इथे शंका आली असती, बाळांनो. पण शंका हा लहानांना होणारा आजार आहे. मोठ्यांना एकदा खुर्ची मिळाली की तो परत होत नाही.

"कासवकर," सर गहिवरून म्हणाले, "माझ्या रिकाम्या खोलीलासुद्धा मान देतात हो!"

तर असं छान चाललं होतं. तेवढ्यात साळूला नदीपलीकडून निरोप आला. तिनं पट्टीवरूनच धाडलेला अर्ज त्यांना आवडला होता. गुरुवारी दुपारी फोनवर मुलाखत. व्हिडिओवर, समोरासमोर. जागा एकच उरली होती. मध्येच संपर्क तुटला तर ती दुसऱ्याला जाईल.

"गेलीस तू!" झेप्या नाचायला लागला. "पार गेलीस नदीपलीकडे!"

आणि त्याच संध्याकाळी नोटीस लागली. गुरुवारी दुपारी मूल्यांकन समिती येणार. वायफायचं कपाट मिरवत सभागृहात नेण्यात येईल. सर्वांनी उपस्थित राहावे.

साळू धावत गेंडेसरांच्या खोलीत गेली.

"सर, गुरुवारी माझी मुलाखत आहे. तासभर कपाट हलवू नका. नंतर न्या."

"कसली मुलाखत?"

"नदीपलीकडच्या विद्यापीठाची."

"का? आपल्याकडे काय कमी आहे?"

साळूनं खोलीभर नजर फिरवली. कुठून सुरुवात करावी तिला कळेना.

"मुलीच्या जातीनं इतक्या लांब जायचं," कासवकर सर म्हणाले. ते स्वतः आयुष्यात कपाटापासून दारापर्यंतच गेले होते. "काटे गळतील गं."

"माझे काटे मी बघते, सर. फक्त तासभर."

"समिती मोठी की तू?" गेंडेसरांनी विचारलं.

"सर, मी विद्यार्थी आहे. कॉलेज कुणासाठी असतं?"

"समितीसाठी," सर म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. आयुष्यात ते खरं बोलले ते एवढंच.

साळूचे काटे ताठ उभे राहिले. बाहेर येऊन ती झेप्याला म्हणाली, "कपाट निघालं की मी मागून चालणार. भोकाच्या मागोमाग. चालता चालता मुलाखत देणार."

"आणि वायर?"

"सरड्यानं लई टाकलीय. पुरेल."

गुरुवार उजाडला. समिती आली. अध्यक्ष होते अस्वलराव. कॉलेजनं त्यांच्यापुढे मधाचं अख्खं पोळं ठेवलं होतं, त्यामुळे कॉलेज चांगलं आहे हे त्यांना आल्या आल्या समजलं होतं.

चार रेड्यांनी कपाट खांद्यावर घेतलं. यंत्र आत चालू होतं, कारण समितीला दिवे लुकलुकताना दाखवायचे होते. मागून वायर उलगडत निघाली. सगळ्यांत पुढे गेंडेसर, नवा फेटा बांधून. त्यांच्यामागे कपाट. आणि कपाटाच्या मागे, भोक धरून, सगळं कॉलेज. माना खाली.

सभागृहाच्या पायरीवर अस्वलराव उभे होते. त्यांच्या हातातला मध थांबला. एक प्राचार्य चालला आहे आणि त्याच्यामागे सगळी मुलं मुकाट, नतमस्तक होऊन चालली आहेत! असं दृश्य त्यांनी कुठल्याच कॉलेजात पाहिलं नव्हतं.

भोकाच्या सगळ्यांत जवळ साळू होती. फोन समोर धरलेला. पडद्यावर करकोचे मॅडम, चष्म्यावरून बघत होत्या.

"उतारावरच्या बिळाचं तोंड कोणत्या बाजूला काढशील?"

"पाणी येतं त्याच्या आडव्या बाजूला, मॅडम. आणि उंबरठा उंच." साळू एका खड्ड्यावरून उडी मारत म्हणाली.

"तुझ्यामागे हे काय चाललंय? मिरवणूक?"

"आमच्या प्राचार्यांची, मॅडम."

"निवृत्त होतायत का?"

"नाही ना," साळू म्हणाली. तिच्या तोंडून उसासा निघाला.

मॅडमच्या चोचीचं टोक जरासं हललं. हसल्या असाव्यात. पुढचा प्रश्न आला, त्याच्या पुढचा आला. साळू चालत होती, बोलत होती, धापा टाकत होती, आणि एकही उत्तर चुकत नव्हतं.

झेप्या झाडावरून वायरीवर लक्ष ठेवून होता. आणि त्याला दिसलं. शेवटचं भेंडोळं सुटलं होतं. सरड्याची वायर सभागृहाच्या अलीकडे, चौकातच संपणार होती. आणखी थोडं चाललं की ताणणार आणि तुटणार.

"साळे, वायर संपली!"

साळूनं फोन छातीशी धरला. "अरे थांबव त्यांना! शेवटचा प्रश्न आहे!"

"गेंड्याला कसं थांबवू? कुणी थांबवलाय आजवर?"

खरंच होतं ते. विनंतीनं थांबत नव्हता. कारण सांगून थांबत नव्हता. झेप्यानं क्षणभर डोकं खाजवलं. मग फांदीवरून सूर मारला तो थेट गेंडेसरांच्या पुढ्यात, साष्टांग.

"सर! आशीर्वाद द्या!"

गेंडेसर थांबले! जागच्या जागी. पाय जमिनीत रोवल्यासारखे. मागे रेडे थांबले. कपाट थांबलं. वायर ताणून सरळ झाली होती, पण तुटली नाही.

"यशस्वी भव," सर म्हणाले आणि पाय उचलायला गेले.

झेप्या पडल्या पडल्या बाकीच्यांवर ओरडला, "ए, बघताय काय! पडा की पाया!"

हरणं धावली. रानडुकरं धावली. सशांनी रांग केली. एक उठला की दुसरा पडत होता, आणि जो पडून झाला तो मागून जाऊन परत रांगेत लागत होता. गेंडेसर प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते. काही सशांना त्या जड हातानं जागीच आडवं केलं, पण तक्रार कुणी केली नाही. सरांना उन्हाचं भान नव्हतं, समितीचं भान नव्हतं. ते इतके सुखी झाले होते की बघवत नव्हतं.

कपाटामागे साळू एकटी उभी होती.

"शेवटचं सांग," करकोचे मॅडम म्हणाल्या. "तुझ्या कॉलेजनं तुला काय शिकवलं?"

साळूनं पलीकडचा तो पायांवरचा ढीग बघितला. ढिगातून झेप्या तिला हातानं खुणावत होता, आटप, आटप.

"समोरून वाट नसेल तर पाठीमागून काढायची," ती म्हणाली. "बिळाला नेहमी दुसरं तोंड ठेवायचं, मॅडम."

करकोचे मॅडमनी चष्मा काढला. "सोमवारी ये. जागा तुझी."

साळूनं फोन खिशात टाकला आणि झेप्याकडे बघून सगळे काटे एकदम वाजवले. रांग मिनिटात पांगली. गेंडेसर पुढचा आशीर्वाद हवेतच देत राहिले. मग रेडे पुढे निघाले, वायर ताणली, तुटली, आणि वायफाय गेलं. समितीच्या हे लक्षात आलं नाही. अस्वलराव डोळे पुसत होते. त्यांनी कॉलेजला सगळ्यांत वरची श्रेणी दिली. शेरा लिहिला: 'असे संस्कार आता दुर्मिळ.'

साळूनं कॉलेज सोडलं. सोमवारी नदी ओलांडली. आता ती परत आली की मामाचं बीळ नव्यानं खणणार आहे आणि मामा आतापासून उशी घेऊन बसला आहे.

तुटलेली वायर कुणी जोडली नाही. सरड्याला बोलावलं, तर तो आता निळा झाला होता आणि ओळख देईना. मागची पट्टी ओस पडली. गेंडेसर खिडकीत उभे राहतात. खाली कुणीच नसतं. "नवी पिढी बिघडली," ते कासवकरांना सांगतात.

कॉलेजच्या फाटकावर मात्र मोठा फ्लेक्स लागला आहे. त्यावर गेंडेसरांचा फोटो फाटकाएवढा, कासवकरांचा थाळीएवढा, आणि कोपऱ्यात साळूचा, तिकिटाएवढा. खाली लिहिलंय: 'प्राचार्यांच्या आशीर्वादाने साळूचे यश.'

आणि बाळांनो, फ्लेक्सच्या आयुष्यात पहिल्यांदाच, त्यावर लिहिलेलं अगदी खरं आहे.

तात्पर्य: वडीलधारी माणसं दिसली की धावत जाऊन त्यांच्या पाया पडावं. तेवढा वेळ ती थांबतात, आणि कुणाचं तरी काम होऊन जातं.