डेअरीचं नाक

"नाकावर पोट हाय माझं, आन् नाकानंच संप केलाय," राजश्री तोंडाला बांधलेल्या ओढणीत पुटपुटली. शेजारी कॅन उतरवणाऱ्या भिमाला ते नीट ऐकू गेलं, पण त्याने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर स्वतःचा तापही कबूल करावा लागला असता.

न्हावरे गावच्या डेअरीत राजश्रीचं काम एकच. कॅनचं झाकण उघडायचं, वाकून वास घ्यायचा आणि 'घ्या' नाहीतर 'परत' म्हणायचं. मशीन फॅट सांगायचं. दुधाची नियत राजश्रीचं नाक सांगायचं. सहा महिने एकही खाडा नाही झाला तर ती कायम होणार होती. खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस उरले होते आणि गावभर व्हायरल पसरला होता.

मॅनेजर ईश्वररावांनी भिंतीवर पाटीच लावली होती: 'किरकोळ आजारासाठी रजा मिळणार नाही.' त्यामुळे डेअरीत कुणीच आजारी नव्हतं. भिमाला धूळ लागली होती. पावत्या करणाऱ्या साधनाला जागरण झालं होतं. आणि ऐन उकाड्यात खुद्द ईश्वररावांच्या गळ्यात मफलर होता, तो आवड म्हणून.

दगडोबा आबा तीन कॅन घेऊन आले. "रातभर लाईट नव्हती, बाई. नीट वास बघा."

"आबा, मला शिकवताय व्हय?" राजश्री फणकारली. वाकली. कॅनमध्ये दूध होतं की रॉकेल, नाकाला पत्ता नव्हता. तिने भिमाकडे पाहिलं. भिमाने खोल श्वास घेतला, त्याची शिट्टी वाजली. "मला तर झकास वाटतंय," तो म्हणाला. त्याला तसं सगळंच झकास वाटत होतं.

"घ्या," राजश्री म्हणाली. आबा खूश होऊन गेले. त्यातलं तांब्याभर दूध साधनाने चहाला काढलं, बाकीचं टाकीत गेलं.

चहात गुठळ्या तरंगल्या. "मलई हाय," साधना म्हणाली. ईश्वररावांनी दोन कप घेतले. "याला म्हणतात चहा," म्हणाले.

मग दौंडहून टँकर घेऊन म्हाळूमामा आले. त्यांनी टाकीचं झाकण उचललं आणि उडी मारून मागे सरले. रुमाल नाकाला लावून म्हणाले, "काय मेलंय आत?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच काही मेलेलं जाणवत नव्हतं.

ईश्वरराव तापले, म्हणजे आणखी तापले. "राजश्री, सगळी टाकी नासवलीस. नाक घरी ठेवून आलीस का? उद्यापासून येऊ नकोस."

आता मात्र राजश्रीचं टाळकं सरकलं. पाच महिने सव्वीस दिवस ती पहाटे पाचला हजर होती. तिने ईश्वररावांचा रिकामा कप उचलून त्यांच्यापुढे धरला. तळाशी पांढरा चोथा होता.

"त्याच दुधाचा चहा हाय, साहेब. दोन कप प्यालात. वर नावाजलात."

ईश्वररावांनी कप नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग हळूच पाटीखालच्या खुर्चीत बसले आणि मफलर सोडला.

"मला परवापासून ताप हाय," ते म्हणाले. "चव न्हाई, वास न्हाई. कायबी न्हाई."

भिमा मनमोकळं शिंकला. पाठोपाठ साधना.

"राजश्री," ईश्वरराव म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. बरी होईस्तोवर. हजेरी मी लावतो."

म्हाळूमामांनी टाकीचं झाकण बंद केलं. वास थांबला. रुमाल मात्र त्यांनी काढला नाही. उलट दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि दाराकडे निघाले.